राजर्षि शाहू छत्रपति आणि नांवांचा प्रश्न

आपल्या करवीर नगरींत शाहू महाराजांचें नांव ऐकलें नाहीं असें मूल सांपडणें कठीण. परंतु दुसऱ्यांच्या नांवांस लागलेला कलंक पुसण्याकरितां महाराजांनीं केलेली खटपट विद्यार्थ्यांच्या वाचनांत क्वचितच येते.

महाराजांचा जन्म ता. 26 जून 1874 रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. मूळचे ते यशवंतराव. 1884 सालीं ते करवीरच्या गादीवर दत्तक आले व शाहू झाले. 1894 त राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. 1902 त त्यांनीं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेविल्या, हें सर्वश्रुतच आहे.

त्या काळीं गांवोगांव महार वतनदार असत. वतन हा शब्द कानाला गोड. पण त्याचा अर्थ असा कीं, जमिनीच्या एका तुकड्यापायीं अख्ख्या कुटुंबानें रात्रंदिवस सरकारची व गांवाची चाकरी करावी. जोतीराव फुल्यांनीं 1873 त आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केला, तो आपल्याकडील अशाच दास्याकडे बोट दाखवून. महाराजांनीं 1918 सालीं आपल्या राज्यांत महारवतन रद्द केलें आणि त्या जमिनी महारांच्या नांवें रयतावा करून दिल्या. पुढल्याच वर्षीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम सुटला.

जातीचें नांव शिवीसारखें उच्चारलें जाई. म्हणून महाराजांनीं महारांस सूर्यवंशी, चांभारांस सरदार व सफाईचें काम करणाऱ्यांस पंडित अशीं नांवें दिलीं. नुसत्या नांवानें पोट भरत नाहीं, हा आक्षेप कोणी घेईल, व तो खोटाही नाहीं; पण येथें नांवाच्या जोडीला जमीन होती, शाळा होती.

पागेंतील नोकर गंगाराम कांबळे यांस पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला. महाराजांनीं त्यांस भांडवल देऊन हॉटेल काढून दिलें आणि स्वतः तेथें जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. राजानें ज्याच्या हातचा चहा घेतला, त्याला विटाळ तरी कसा म्हणावा? ता. 6 मे 1922 रोजीं मुंबईस महाराजांचें देहावसान झालें. त्यानंतर कांहीं वर्षांतच नर्सरी बागेंत त्यांचें स्मारक उभें राहिलें, तें ह्याच गंगारामांच्या पुढाकारानें. संस्थानच्या खजिन्यांतून उभारलेल्या पुतळ्याहून आम्हांस त्याचें मोल अधिक वाटतें.

जातींचीं नांवें मात्र वस्त्यांना चिकटून राहिलीं. महारवाडा, मांगवाडा हीं नांवें गांवोगांव चालूच होतीं. अखेर डिसेंबर 2020 मध्यें महाराष्ट्र सरकारनें तीं बदलण्याचा निर्णय केला. त्याऐवजीं जीं नांवें सुचविलीं, त्यांत समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर आहेत आणि शाहूनगरही आहे. आपल्या आजोळच्या गांवीं त्या वस्तीला आज लोक काय म्हणतात, हें विद्यार्थ्यांनीं सुटींत अवश्य विचारून यावें.