विश्लेषण : कॉलेज फुटबॉल गेममधल्या प्रत्येक ‘डाउन’मागचा माणूस, कोण होते वॉल्टर कॅम्प?

पडद्यावर ‘थर्ड अँड ८’ अशी पाटी झळकते. म्हणजे तिसरी संधी, आणि अजून ८ यार्ड बाकी. आता पास येणार हे समोरच्या संघाला कळलेले असते आणि त्याला कळले आहे हे तुम्हालाही ठाऊक असते. तरीही यादीतून एक डाव निवडावाच लागतो. ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल’ खेळणाऱ्यांचा बहुतेक वेळ या एका पेचात जातो. हा पेच ज्यांनी तयार केला, त्यांचे निधन १९२५ मध्ये झाले. त्यांनी संगणक तर सोडाच, दूरचित्रवाणीही पाहिली नव्हती. त्यांचे नाव वॉल्टर कॅम्प.

गोंदियाच्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल म्हटले की गोल चेंडू आणि पायाचा खेळ. इथे मात्र विषय अमेरिकी फुटबॉलचा आहे. चेंडू अंडाकृती, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा आणि समोरच्याने अंगावर येऊन अडवायचे. या खेळाचे नियम मोबाइलवर एखादी क्लिप पाहून समजत नाहीत, पण कॅम्प यांची गोष्ट समजली की बरेचसे समजतात.

कॅम्प यांनी नेमके बदलले काय?

कॅम्प यांचा जन्म ७ एप्रिल १८५९ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात न्यू ब्रिटन येथे झाला. वडील शिक्षक. १८७६ मध्ये ते येल कॉलेजात दाखल झाले. तेव्हा कॉलेजांमध्ये जो फुटबॉल खेळला जात होता, तो जवळपास रग्बीच होता. दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून ढकलाढकली करत आणि त्या घोळक्यातून चेंडू कोणाच्या बाजूला बाहेर पडेल, हे कोणालाच सांगता येत नसे.

हाफबॅक म्हणून खेळणाऱ्या कॅम्प यांना नेमके हेच खटकत होते. चेंडू कोणाला मिळणार हे ठाऊक नसेल, तर आधी डाव ठरवणार कसा? विद्यार्थी असतानाच ते नियम ठरवणाऱ्या बैठकांना जाऊ लागले. १८८० मध्ये स्प्रिंगफिल्ड येथील बैठकीत त्यांचे दोन प्रस्ताव मान्य झाले. एक, संघात १५ ऐवजी ११ खेळाडू. दुसरा, चेंडू एकाच संघाच्या ताब्यात राहील, मधला खेळाडू तो मागे देईल आणि तिथून खेळ सुरू होईल. आपल्याकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे रूळ गोंदियामार्गे राजनांदगावकडे टाकले जात होते, तो हा काळ.

दुसरा प्रस्ताव दिसायला किरकोळ होता. पण ताबा निश्चित झाला आणि खेळात ‘पुढचा डाव काय’ हा प्रश्न पहिल्यांदा जन्माला आला. गेममध्ये दर वेळी उघडणारी डावांची यादी म्हणजे त्याच प्रश्नाचे आजचे रूप.

११ या आकड्याचाही एक उत्तरार्ध आहे. १९८० च्या दशकात ईएचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी प्रशिक्षक जॉन मॅडन यांना फुटबॉलच्या संगणकीय गेमसाठी गाठले. त्या वेळच्या संगणकांना इतके खेळाडू झेपत नव्हते, म्हणून कमी खेळाडूंचा पर्याय पुढे आला. मॅडन हटून बसले, ११ विरुद्ध ११ नसेल तर तो फुटबॉलच नव्हे. गेम यायला १९८८ उजाडले.

मग ‘डाउन’ कशासाठी?

कारण पहिल्या सुधारणेने खेळ जवळपास मारलाच होता. ताबा निश्चित झाला, पण तो सोडण्याची सक्ती नव्हती. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात प्रिन्स्टनने पूर्वार्धभर चेंडू धरून ठेवला आणि उत्तरार्धात येलने तेच केले. निकाल ०-०. प्रेक्षक वैतागले.

कॅम्प यांचे उत्तर १८८२ मध्ये आले. ३ प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच पटेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते, गुण आला नाही तर चढाईपटू बाद. वेळकाढूपणावर दोन्ही खेळांनी शोधलेले औषध एकच आहे.

या नियमात एक गमतीशीर फट होती. १० यार्ड मागे गेले तरी ताबा कायम राहायचा, आणि संघ अडचणीत आले की मुद्दाम मागे पळायचे. गेमरच्या भाषेत हा ‘एक्स्प्लॉइट’, पुढे तो बंद करावा लागला. अंतर मोजता यावे म्हणून मैदानावर दर ५ यार्डांना पांढऱ्या रेघा आल्या. मैदान जाळीसारखे दिसू लागले आणि ‘ग्रिडआयर्न’ हे नाव पडले. १८८३ मध्ये गुणांना आकडे मिळाले, पण तेव्हा टचडाउनला फक्त २ आणि मैदानी गोलला ५ होते. आज टचडाउनचे ६ आणि मैदानी गोलचे ३ मिळतात. गुणांचा तोल साधायला त्या लोकांना जवळपास ३० वर्षे लागली. गेम कंपन्या अपडेट काढून काही आठवड्यांत हे काम उरकतात.

आज १० यार्डांसाठी ४ प्रयत्न मिळतात. नवख्या खेळाडूने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: पहिल्याच प्रयत्नात लांब पास फेकायचा मोह टाळा. पळून ४ यार्ड मिळाले तरी दुसऱ्या प्रयत्नात पळणे आणि फेकणे दोन्ही शक्य राहते, त्यामुळे बचाव करणाऱ्याला अंदाज येत नाही. ‘थर्ड अँड २’ला समोरचा गोंधळतो. ‘थर्ड अँड ८’ला गोंधळायची पाळी तुमची.

ते व्यावसायिक प्रशिक्षक होते का?

नाही. पदवीनंतर त्यांनी येलमध्येच वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली, ते अर्धवट सोडले आणि घड्याळ बनवणाऱ्या न्यू हेवन क्लॉक कंपनीत नोकरी धरली. १९०३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. ज्या खेळात शेवटची २ मिनिटे घड्याळाशीच झुंजायचे असते, त्याचे जनक घड्याळाच्या धंद्यातले निघावेत हा योगायोगच.

१८८८ मध्ये त्यांचा विवाह अ‍ॅलिस समनर यांच्याशी झाला. दुपारी कॅम्प कार्यालयात अडकलेले असत, तेव्हा सरावाच्या मैदानावर अ‍ॅलिस उभ्या राहत, कोण कुठे चुकतो ते टिपून ठेवत. रात्री खेळाडू घरी जमत आणि त्या टिपणांवरून दुसऱ्या दिवसाची आखणी होई. त्या हंगामात येलने १३ पैकी १३ सामने जिंकले. एकूण गुण ६९८, विरोधकांचे शून्य. १८८८ ते १८९२ या ५ वर्षांत ६७ विजय आणि २ पराभव, ही नोंद कॅम्प यांच्या नावावर आहे. त्यात अ‍ॅलिस यांचा वाटा किती, हे आकड्यांतून दिसत नाही. १८८९ पासून देशातील सर्वोत्तम ११ कॉलेज खेळाडूंची ‘ऑल-अमेरिका’ यादी सुरू झाली. ती कॅम्प यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

त्यांना खरा धक्का दिला तो कधीही न खेळलेल्या माणसाने. बोस्टनचे लॉरिन डेलँड बुद्धिबळाचे शौकीन, लष्करी इतिहासाचे वाचक. त्यांनी हार्वर्डसाठी एक व्यूह रचला: खेळाडूंच्या दोन तुकड्या लांबून धावत येणार, पाचरीच्या आकारात एकत्र होणार आणि सगळा वेग समोरच्या एकाच खेळाडूवर ओतणार. नोव्हेंबर १८९२ मध्ये येलविरुद्ध हा ‘फ्लाइंग वेज’ मैदानात उतरला. सामना येलने ६-० असा जिंकला, पण पुढच्या वर्षी जो तो संघ पाचर घेऊन धावू लागला. कॅम्प यांनी डेलँड यांच्याशी वैर धरले नाही. १८९६ मध्ये दोघांनी मिळून फुटबॉलवर पुस्तक लिहिले. सोफ्यावर बसून डाव रचणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणून डेलँड यांचे नाव घ्यायला हरकत नाही.

मृत्यू वाढत असताना कॅम्प काय करत होते?

त्यांच्या आयुष्यातला हा सर्वात अवघड भाग आहे. मोठी पाचर १८९४ मध्ये बंद झाली, पण घोळक्याने एकावर तुटून पडणे थांबले नाही. हेल्मेटची सक्ती नव्हती. त्याच वर्षी खेळ घातक आहे का हे तपासण्यासाठी कॅम्प यांनी माजी खेळाडूंकडून उत्तरे मागवली आणि पुस्तक काढले. निष्कर्ष खेळाच्या बाजूचा होता. पुढे त्यांची कागदपत्रे चाळणाऱ्या इतिहासकारांना आढळले की टीका करणारी बरीच उत्तरे त्या पुस्तकात आलीच नव्हती.

१९०५ मध्ये प्रकरण हाताबाहेर गेले. ९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावले. कॅम्पही त्यात होते. खिलाडूवृत्तीने खेळण्याचे निवेदन निघाले, मैदानावर फरक पडला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा खेळाडू दगावला. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या मोजणीनुसार त्या हंगामात १८ जणांचा मृत्यू झाला आणि १५९ जण गंभीर जखमी झाले. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. डिसेंबरमध्ये ६२ कॉलेजांनी एकत्र येऊन वेगळी संघटना उभारली, तीच आजची एनसीएए. २५ वर्षे नियमांची किल्ली ज्यांच्या हाती होती, त्या कॅम्प यांना आता नव्या लोकांबरोबर बसावे लागले.

कॅम्प यांचा उपाय होता ५ ऐवजी १० यार्ड. अंतर वाढले की संघ घोळक्याने न घुसता कडेने पळतील, असा त्यांचा हिशोब. इतरांना चेंडू पुढे फेकण्याची मुभा हवी होती. कॅम्प यांना ती पटत नव्हती. १९०६ मध्ये दोन्ही बदल झाले, पण पासला जाचक अटी लागल्या. कोणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला, तर तो प्रतिस्पर्ध्याला. सप्टेंबर १९०६ मध्ये सेंट लुइस विद्यापीठाचा पहिला वैध पास असाच हुकला आणि चेंडू गेला. त्याच सामन्यात पुढच्या पासवर टचडाउन झाला. आज गेममध्ये निम्मी मजा ज्या पासची आहे, तो खेळाच्या जनकाला नकोसा होता. इथे कॅम्प चुकले होते.

पैशांचा वाद तेव्हाही होता?

होता, आणि गेमच्या इतिहासाशी त्याचे थेट नाते आहे. कॉलेज खेळाडूने पैसे घेऊ नयेत, हा कॅम्प यांचा आग्रह. पण १९०५ च्या सुमारास पत्रकारांनी बाहेर काढले की येलच्या क्रीडा निधीत सुमारे १ लाख डॉलर साठले होते आणि त्याची सूत्रे कॅम्प यांच्याकडे होती. येलचे कर्णधार जेम्स होगन यांना सिगारेट विक्रीवर कमिशन आणि क्युबाची सहल मिळाल्याचेही उघड झाले.

तोच प्रश्न शतकानंतर गेमपर्यंत पोहोचला. माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांना एका व्हिडीओ गेममध्ये स्वतःसारखा खेळाडू दिसला, मोबदला मात्र शून्य. २००९ मध्ये त्यांनी दावा ठोकला. अशा दाव्यांच्या माऱ्यात ‘एनसीएए फुटबॉल १४’नंतर ही मालिका थांबली. ती परतली थेट जुलै २०२४ मध्ये. या वेळी खऱ्या खेळाडूंची नावे होती, आणि संमती देणाऱ्या प्रत्येकाला ६०० डॉलर व गेमची प्रत मिळाली.

नव्या गेममध्ये मार खाल्ल्याचा हिशोब ठेवणारी ‘वेअर अँड टेअर’ व्यवस्था आहे. एकाच खेळाडूला सारखे पळवले, तर त्याचे अंग थकत जाते. म्हणून दुसरा धावपटू वेळेत उतरवा. पूर्वार्धात वाचवलेला खेळाडू शेवटी कामी येतो. परक्या मैदानावर गोंगाटाने पडदा थरथरतो, डावाच्या रेषा वेड्यावाकड्या दिसतात. तिथे साधे डाव बरे. सुधारणेला वाव आहेच. २०२४ आणि २०२५ च्या आवृत्त्या फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या मालिकेवर आल्या. स्मार्टफोन किंवा साधा पीसी असलेल्याला दार बंद, आणि गोंदियासारख्या ठिकाणी बहुतेकांच्या हातात असतो तो स्मार्टफोनच. जुन्या काळाचे नियम लावून खेळायची सोयही हवी होती. ३ प्रयत्न, ५ यार्ड, पास नाही. २० मिनिटांत कळेल की लोक का वैतागले होते.

शेवट कसा झाला?

पहिल्या महायुद्धात कॅम्प यांनी नौदलासाठी १२ सोप्या व्यायामांचा संच बसवला. ‘डेली डझन’ नावाने तो घराघरांत गेला, ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही निघाला. फुटबॉलचे नाव न ऐकलेली माणसेही तो करत होती.

मार्च १९२५ मध्ये ते नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेले. १४ मार्चला सकाळी सदस्य जमले, कॅम्प आले नाहीत. हॉटेलच्या खोलीत झोपेतच त्यांचे निधन झाले होते. वय ६५. येलच्या स्टेडियमसमोर देशभरातील कॉलेजे आणि शाळांच्या वर्गणीतून १९२८ मध्ये त्यांच्या नावाचे प्रवेशद्वार उभे राहिले.