कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत : अब्दुल करीम खाँ यांचा नाजूक आवाज रेकॉर्डवर कसा आला?

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत अब्दुल करीम खाँ यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण टाकलं, तानपुरा जुळवून घेतला आणि दरबारी कानडा रागात प्रार्थना म्हणत त्यांनी प्राण सोडला.

किराणा घराण्याचा हा आवाज आज आपण ऐकू शकतो तो रेकॉर्डमुळे. पण तो रेकॉर्डवर नीट उतरायला बरीच वर्षं जावी लागली.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना इथला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथे सरदार माने घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत. दोघांचं प्रेम जमलं आणि त्यांनी बडोदा सोडून मुंबई गाठली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या काही रेकॉर्ड निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात खाच कोरायची. आवाज वाढवायची सोयच नव्हती. खणखणीत आवाजाचं यात भागायचं. खाँसाहेबांचा आवाज मात्र बारीक, आर्जवी, एकेका स्वरावर रेंगाळणारा. त्यात वेळ जेमतेम तीन मिनिटं.

पुढे १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. खाँसाहेब मिरजेत राहिले.

दरम्यान १९२५ पासून विजेवरचं रेकॉर्डिंग आलं. मायक्रोफोन आणि सुईच्या मध्ये अँप्लिफायर बसला. आता कुजबुजीएवढा स्वरही हवा तेवढा वाढवून खाचेत उतरवता येऊ लागला. १९३० च्या दशकात खाँसाहेब ओडियन कंपनीसाठी गायले. झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या घरोघरी पोहोचल्या. लहानग्या भीमसेन जोशींनी त्यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवरच ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. शेवटी त्यांना गुरू मिळाले ते खाँसाहेबांचेच शिष्य, सवाई गंधर्व.

आज ती जुनी रेकॉर्ड टर्नटेबलवर लावली तर तोच प्रश्न उलट्या बाजूने येतो. सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून निघणारी वीज अगदी क्षीण असते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, तर कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉईलमध्ये ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. ती वाढवण्याचं काम फोनो प्रीअँपचं. किती पट वाढवायची, तो त्याचा गेन.

पहिल्या प्रकाराला सुमारे ४० डेसिबल, म्हणजे १०० पट गेन पुरतो. दुसऱ्याला ६० डेसिबल, म्हणजे १००० पट लागतो. अदलाबदल झाली की घोटाळा. गेन कमी पडला तर व्हॉल्यूम चढवावा लागतो आणि स्वरांसोबत घरघरही वाढते. जास्त झाला तर ५ मिलिव्होल्टचे थेट ५ व्होल्ट होतात आणि आवाज फाटतो. शिवाय ७८ च्या रेकॉर्डची खाच रुंद असते, त्यामुळे एलपीची बारीक सुई चालत नाही. जाड टोकाची वेगळी सुई लागते.

म्हणून आजोबांच्या पेटीतली रेकॉर्ड खराब झाली असं ठरवण्याआधी कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला आउटपुटचा आकडा पाहावा आणि प्रीअँपचं बटण त्याप्रमाणे लावावं.

खाँसाहेबांचं दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात झालं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. देशभरातले गायक तिथे येऊन हजेरी लावतात.