अल-सूली : बगदादचे बुद्धिबळपंडित

मुहैस्नाहपासून मरिनापर्यंत दुबईत राहणाऱ्या कित्येक मराठी नोकरदारांच्या फोनमध्ये आज बुद्धिबळाचा पट असतो. तीन मिनिटांचा डाव बसची वाट पाहतानाही पुरा होतो. असे शेकडो डाव होतात, मानांकन मात्र जागचे हलत नाही. याच दुबईत २०१४ साली मॅग्नस कार्लसन याने जलद आणि अतिजलद अशी दोन्ही जागतिक विजेतेपदे मिळविली. वेगाच्या खेळात प्रावीण्य कशाने येते, या प्रश्नाचे एक उत्तर अकराशे वर्षांपूर्वीच्या बगदादेत सापडते. ते अबू बक्र मुहम्मद इब्न याह्या अल-सूली यांच्या चरित्रात आहे.

अल-सूली यांचे घराणे मूळचे कास्पियन समुद्राजवळच्या जुर्जान प्रांतातले. ते स्वतः साहित्यिक आणि इतिहासकार होते. खलिफा आणि कवी यांच्यावरील त्यांचा ‘किताब अल-अवराक’ अभ्यासक आजही वापरतात. मात्र त्यांना कीर्ती मिळाली ती पटावर. खलिफा अल-मुक्तफी (९०२–९०८) याच्या दरबारी अल-मावर्दी हा राजमान्य खेळाडू होता. दोघांचा सामना ठरला तेव्हा खलिफा उघडपणे अल-मावर्दीचीच बाजू घेऊ लागला. त्यामुळे अल-सूली आरंभी गांगरले. परंतु लवकरच त्यांनी चित्त स्थिर केले आणि असा निर्विवाद विजय मिळविला, की राजाची मर्जीच फिरली. पुढे अल-मुक्तदिर आणि अल-रादी या खलिफांच्या दरबारीही त्यांना मान मिळाला. राजपुत्र असताना अल-रादी त्यांचा शिष्य होता.

त्या काळी घड्याळ लावून डाव खेळत नसत. ती पद्धत एकोणिसाव्या शतकातली. उलट, शतरंजची सुरुवात फारच संथ असे. प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले, वजीर तिरपा एकच घर सरके, आणि आपल्या उंटाच्या जागी असलेला हत्ती तिरपी दोन घरांची उडी घेई. दोन्ही सैन्ये भिडायलाच बऱ्याच खेळ्या लागत. म्हणून खेळाडू आपली मोहरी एका ठरावीक रचनेत मांडून घेत आणि खरा डाव तेथून सुरू करीत. या रचनेला ‘ताबिया’ म्हणत. मुजन्नह, मशाइखी अशी त्यांची नावे होती.

अल-सूली यांचे मोठेपण येथे आहे. पूर्वसूरी अल-अदली याच्या ग्रंथाची त्यांनी कठोर चिकित्सा केली, स्वतः ग्रंथ लिहिला आणि डावाच्या आरंभाचा पद्धतशीर विचार मांडला. त्यांचा शिष्य अल-लजलाज याने या रचनांतून निघणाऱ्या खेळ्यांचे सविस्तर विश्लेषण केले. ‘ताबिया’ हा शब्द आजच्या बुद्धिबळातही रूढ आहे. अतिजलद डावात विचाराला सवड नसते. तेथे उपयोगी पडते ते आधीच करून ठेवलेले चिंतन. मोजक्या रचना पक्क्या करणे, त्यांतून उद्भवणाऱ्या योजना समजून घेणे आणि हरलेला डाव पुन्हा मांडून पाहणे, हा मार्ग त्या परंपरेशी थेट जुळतो. लगेच पुढचा डाव सुरू करणाऱ्याच्या हाती मात्र जुन्याच चुका राहतात.

डावाच्या शेवटाचाही त्यांनी तितकाच खोल अभ्यास केला होता. दोन राजे आणि दोन वजीर, एवढीच मोहरी असलेला त्यांचा एक कूटप्रश्न ‘अल-सूलीचा हिरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपण शिकविलेल्यांखेरीज कोणालाही तो सुटणार नाही, असा त्यांचा दावा होता. सुमारे हजार वर्षे तो खरा ठरला. १९८०च्या दशकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आव्हरबाख यांनी त्याची उकल केली.

९४० मध्ये अल-रादी वारला आणि अल-सूली यांचा आधार तुटला. हजरत अली यांच्याविषयी सांगितलेल्या एका कथनामुळे लोकक्षोभ ओढवून त्यांना बसऱ्यात लपून राहावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तेथेच ९४६च्या सुमारास त्यांचा अंत झाला.

पुढे उत्तम खेळाडूला अल-सूलीची उपमा देण्याचा प्रघात पडला. तेराव्या शतकात चरित्रकार इब्न खल्लिकान यांना तर एक गैरसमजही दूर करावा लागला. हा खेळ अल-सूली यांनीच शोधला, असे लोक मानू लागले होते. त्याचे श्रेय त्यांनी सिस्सा नावाच्या एका भारतीयाला दिले.