बिकिलाने रोममध्ये बूट का काढले?

रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन १० सप्टेंबर १९६० रोजी संध्याकाळी सुरू झाली, तेव्हा इथियोपियाच्या अबेबे बिकिलाच्या पायात बूट नव्हते. गरिबीमुळे तो अनवाणी धावला, असे आजही सांगितले जाते. ते खरे नाही. रोममध्ये मिळालेले नवे बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते. ४२ किलोमीटर ते घालून धावायचे म्हणजे फोड ठरलेलेच. सरावात तो अनवाणी पुष्कळ धावला होता. त्याने आणि प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी विचार करून बूट बाजूला ठेवले.

बिकिलाचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, खेड्यातला. पुढे तो सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला आणि तिथेच निस्कानेन यांच्या नजरेत भरला. रोमच्या दगडी रस्त्यांवरून त्याने २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत शर्यत संपवली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

मग बूट नकोतच का? इथेच अनेकांची गफलत होते. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या पायाचा तळवा जाड होतो, पावलाचे स्नायू बळकट होतात. अनवाणी धावण्याची सवय असलेले अनेक जण टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात. ऑफिसात दिवसभर बुटात कोंडलेला पाय एका सकाळीत हे शिकत नाही. घाई केली की पोटरी आणि टाच कुरकुरू लागतात.

बिकिलाचाही अनवाणी धावण्याचा हट्ट नव्हता. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो बूट-मोजे घालून उतरला. सुमारे पाच आठवडे आधी त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते! तरी २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांचा नवा विक्रम करत, दुसऱ्या धावपटूला चार मिनिटांहून जास्त मागे टाकून तो जिंकला. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. अनवाणीही विक्रम, बुटातही विक्रम.

दुकानात गेल्यावर ब्रँडआधी हेच आठवावे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालायचे तेच मोजे घालून, उभे राहून माप पाहावे; सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. धावण्याचा बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. बॅडमिंटनमध्ये पाय सारखा आडवा सरकतो, तिथे हाच बूट घोटा मुरगळवू शकतो. आणि शर्यतीच्या दिवशी कोरे बूट घालून जाऊ नये.

दुखापतीवर मात्र बुटाचा इलाज नाही. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत बिकिला दुखऱ्या पायाने धावला आणि सुमारे १७ किलोमीटरवर त्याला थांबावे लागले. ती शर्यत त्याचाच देशबांधव मामो वोल्डे जिंकला.

पुढच्याच वर्षी मोटार अपघातात बिकिलाचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात उपचार घेताना तो तिरंदाजी शिकला आणि चाकाच्या खुर्चीत बसून स्पर्धेतही उतरला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी त्याचे निधन झाले.