करड्या ट्रॅक्टरचा हट्टी धनी

पुणेकरांना फर्ग्युसन म्हटले की रस्ता आठवतो आणि कॉलेज आठवते. मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव दिलेले ते कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले. त्याआधी दोनच महिने, ४ नोव्हेंबर १८८४ ला, आयर्लंडच्या उत्तर भागात ड्रोमोर गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी जो फर्ग्युसन जन्मला, त्याचा या कॉलेजशी काडीचाही संबंध नाही. पण आपल्या कुठल्याही खेड्यात एखाद्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा, त्याची करामत समोरच दिसेल.

हॅरी फर्ग्युसन अकरा भावंडांतले चौथे. वडील धर्मनिष्ठ आणि करड्या शिस्तीचे. शेतकामाचा हॅरींना मनस्वी कंटाळा. १९०२ मध्ये ते बेलफास्टला थोरल्या भावाच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात शिरले आणि यंत्रांत रमले. पुढे विमानाचे वेड लागले. स्वतः बांधलेले विमान त्यांनी ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे उडवले. उड्डाण जेमतेम सव्वाशे मीटरचे, पण आयर्लंडच्या भूमीवरचे ते पहिले. मात्र त्यांचे नाव व्हायचे होते ते ज्या शेतीला कंटाळून घर सोडले त्या शेतीतच.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला अन्नाची चणचण भासू लागली. नांगरट वाढवायची तर ट्रॅक्टर हवेत. १९१७ मध्ये सरकारी शेती मंडळाने फर्ग्युसन यांना आयर्लंडभर हिंडून ट्रॅक्टर नीट चालतात की नाही हे पाहण्याचे काम दिले. बरोबर होते विली सँड्स, त्यांच्याच दुकानातले मेकॅनिक. (फर्ग्युसन यांच्या कीर्तीत या अबोल माणसाचा वाटा फार मोठा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही.) दोघांनी पाहिले, की बैलामागे जुंपावा तसा नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढला जातो. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडला की नांगर थांबे, पण मागची चाके फिरतच राहत. मग ट्रॅक्टरचे तोंड घोड्यासारखे वर उठे आणि सगळे धूड उलटून चालकाच्या अंगावर येई. माणसे अशी दगावत होती. त्यावर कारखानदारांचा उपाय एकच, ट्रॅक्टर आणखी जड करा. जड ट्रॅक्टरने जमीन दबे आणि इंधनही जास्त लागे.

फर्ग्युसन यांनी विचार उलटा केला. नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन यंत्रे का असावीत? खाली दोन दांडे आणि वर एक, अशा तीन ठिकाणी त्यांनी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. यात गंमत वरच्या दांड्याची आहे. जमिनीने नांगराला विरोध केला की हा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे तोंड उठण्याऐवजी दबलेले राहते. तोच रेटा हायड्रोलिक पंपाच्या झडपेला कळतो. जमीन कठीण लागली की नांगर आपोआप किंचित वर येतो, मऊ लागली की खाली जातो. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडतो आणि हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. हे सारे सांगायला चार ओळी पुरतात. जुळवायला मात्र सोळा-सतरा वर्षे गेली. पहिला नमुना १९३३ मध्ये तयार झाला, तो काळ्या रंगाचा.

डेव्हिड ब्राउन यांच्या भागीदारीत १९३६ पासून तेराशेच्या आसपास ट्रॅक्टर निघाले, पण किंमत चढी, खप बेताचा, आणि दोघांचे स्वभाव जुळेनात. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत गेले आणि हेन्री फोर्ड यांच्या शेतावर त्यांनी प्रात्यक्षिक केले. फोर्डही शेतकऱ्याचे पोर. ते पाहून इतके खूश झाले, की करार ठरला तो केवळ हस्तांदोलनावर. ना वकील, ना कागद. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचे, फर्ग्युसन यांनी विकायचे. आठ-नऊ वर्षांत तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. पण म्हाताऱ्याचा शब्द नातवाला कसा बांधणार? दुसरे हेन्री फोर्ड यांनी १९४६ मध्ये हा व्यवहार मोडला आणि पुढच्या वर्षी तीच जोडणी वापरून स्वतःचा ट्रॅक्टर बाजारात आणला. फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षे चाललेला हा खटला १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटला. लोक याला विजय म्हणतात. पैशाच्या हिशेबात तो फार मोठा नव्हता. पण ज्याच्याकडे लेखी करारच नव्हता, त्याला फोर्डसारख्या कंपनीकडून पेटंटचे पैसे वसूल करता आले, हे थोडे नव्हे.

मधल्या काळात ते हात जोडून बसले नव्हते. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीकडून त्यांनी टीई-२० हा ट्रॅक्टर बनवून घेतला. वजन साधारण अकराशे किलो. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. सगळे एकाच रंगाचे: करडे. चमकदार रंगाचा भपका फर्ग्युसन यांना मानवत नसे. टापटिपीचे त्यांना वेडच होते. सूट-बूट घालून ते नांगरून दाखवत. लंडनच्या क्लॅरिजेस या उंची हॉटेलात ट्रॅक्टर चालवून तो पायऱ्यांवरून खाली उतरवणारा हाच गृहस्थ.

आज ब्रिटन-आयर्लंडमध्ये हा ‘छोटा करडा फर्गी’ घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभा करण्याचा छंद घरोघर आढळतो. कुंपणापाशी गंजत पडलेला सांगाडा आणायचा आणि बाप-लेकांनी रविवारी त्याला भिडायचे. बॉनेट पुढच्या बाजूला कलते, त्यामुळे इंजिनापर्यंत हात सहज पोचतो. बरेचसे नटबोल्ट कंपनीने सोबत दिलेल्या एकाच पान्याने फिरतात. त्या पान्यावर इंचांच्या खुणाही आहेत. स्टार्टर गिअरच्या दांडीलाच जोडलेला, म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चुकून सुरू व्हायला नको. रंगाचे काम मात्र सबुरीचे. आधी ग्रीस आणि चिखल धुऊन काढायचा, मग जुने थर. त्यांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासायचे नाही आणि मुलांना जवळ ठेवायचे नाही. मग प्रायमर, आणि शेवटी करडा. आता नेमका कोणता करडा, यावर जाणकार तासन् तास वाद घालतात. आमच्या मते रंग दुय्यम. हायड्रोलिक नीट उचलत नसेल तर तो नुसता शोभेचा ट्रॅक्टर, फर्ग्युसन नव्हे.

फर्ग्युसन यांचे स्वप्न ट्रॅक्टर विकण्याहून मोठे होते. शेती स्वस्त झाली तर धान्य स्वस्त होईल, आणि महागाई नि भूक दोन्ही हटतील, असा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते मंत्र्यांना भेटत, टिपणे लिहीत. फारसे कुणी ऐकले नाही. १९५३ मध्ये त्यांनी कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. दहा लाख डॉलरचा मतभेद चक्क नाणे उडवून सोडवला गेला आणि ते हरले. वर्षभरात तिथूनही बाहेर पडले. नव्या धन्यांनी पुढे ट्रॅक्टरला लाल रंग दिला.

मोटारीच्या चारही चाकांना गती देण्याचे काम त्यांनी उतारवयात हाती घेतले. जानेवारी १९५८ मध्ये त्यांच्या करड्या ट्रॅक्टरवरून एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते त्यांनी पाहिले. पण मनाला नैराश्याने घेरले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या घरी त्यांचा मृत्यू झाला. औषधाची मात्रा जास्त झाली होती. ती चुकून की जाणून, याचा निर्णय चौकशीत लागला नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या चारचाकी गतीच्या मोटारीने स्टर्लिंग मॉसच्या हाताखाली औल्टन पार्कची शर्यत जिंकली.

त्याच १९६० साली मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘टॅफे’ कंपनी स्थापन झाली आणि लाल ट्रॅक्टर आपल्या वावरांत आले. पुढे इतर कंपन्यांचे निळे, हिरवे आले. मागची जोडणी सगळ्यांची तीच. शेतकरी नांगर उतरवून रोटाव्हेटर चढवतो, खालचे दोन दांडे बसवतो, वर टॉप लिंकची पिन घालतो, आणि सीटशेजारची लिफ्टची दांडी ओढतो.