हवेचा टायर करणारे डनलॉप

आमच्या दादाने जुनी सायकल घेतली. तिचा मागचा टायर फाटला होता. पैसे कमी होते, म्हणून दादाने दुसऱ्या सायकलीचा जाड टायर अरुंद रिंगेवर बसवला. वळणावर चाक डुललं अन् मी कॅरिअरवरून पडलो. गुडघा फुटला. शाळेत गुरुजींनी विचारले, मी सारे सांगितले. तेव्हा त्यांनी डनलॉप यांची माहिती सांगितली. ती मी लिहितो.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी झाला. त्यांच्या घरी शेती होती. ते शिकून गुराढोरांचे डॉक्टर झाले. पुढे ते आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात राहू लागले.

त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल होती. तेव्हा टायर भरीव रबराचे असत. दगडी रस्त्यावर पोराला लई हादरे बसत. वडिलांनी १८८७ साली रबराची नळी केली, लाकडी चकतीवर कापडाने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात जुने चाक व नवे चाक ढकलून पाहिले. जुने चाक लवकर पडले. हवेचे चाक पार फाटकापर्यंत गेले! १८८८ साली त्यांनी पेटंट घेतले. १८८९ साली विल्यम ह्यूम यांनी हवेच्या टायरवर बेलफास्टची सायकल शर्यत जिंकली.

नंतर कळले की, रॉबर्ट थॉमसन यांनी असाच शोध १८४५ सालीच लावला होता. म्हणून डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. पण हवेचा टायर लोकांपर्यंत पोचला तो डनलॉप यांच्यामुळेच.

पहिले टायर रिंगेला चिकटवत. पंक्चर काढणे अवघड जाई. १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली आणि मधे खोलगट रिंग केली. मग टायर व रिंग यांचे माप जुळवावे लागू लागले. टायर रिंगेपेक्षा फार रुंद असला तर वळणावर डुलतो. फार अरुंद असला तर त्याच्या कडा ताणतात आणि रिंग दगडावर आपटते. मोटारीलाही हाच नियम आहे.

डनलॉप २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वारले.

दादाने आता मापाचा टायर आणला आहे. उसाची टायरगाडी ओढणारे बैल दिसले की मला ते गुरांचे डॉक्टर आठवतात. मित्रांनो, तुम्ही पण टायर घेताना आधी रिंगेचे माप बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी