झिंगराजीचा मुलगा

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो. शाळेच्या भिंतीवरचे चित्रही तेच: अंगावर चिंध्यांचा सदरा, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. ग्रामस्वच्छता अभियानाला सरकारने २००० साली त्यांचे नाव दिले आणि बाबा म्हणजे झाडलोट हे समीकरण पक्के होऊन बसले. पण खराटा हाती येण्याच्या कितीतरी आधी या माणसाचे घर दारूने झाडून नेले होते. बाबांचे चरित्र मी अलीकडे पुन्हा वाचले ते याच बाजूने. एका दारुड्याच्या मुलाचे चरित्र म्हणून.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले डेबू. वडील झिंगराजी जाणोरकर, आई सखुबाई. झिंगराजी दारूच्या आहारी गेला. घर बसले, शरीर पोखरले आणि १८८४ साली तो गेला, तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत झिंगराजीला आपल्या हातून काय झाले ते कळून चुकले होते आणि मुलाला या वाटेपासून दूर ठेव असे तो सखुबाईला विनवून गेला, असे चरित्रकार सांगतात.

झिंगराजीला एकट्यालाच दोष देऊन हा विषय संपत नाही. त्या काळच्या वऱ्हाडातले गाव डोळ्यांसमोर आणा. नवस फेडायचा तर देवाला बोकड आणि दारू. बारसे, लग्न, मयताचे जेवण, सगळीकडे भावकीला मटण आणि दारू घालायची. नाही घातली तर नाक कापले गेले, घातली तर कर्ज झाले. मोहाची दारू जागोजागी गाळली जात होती आणि दारूच्या दुकानांचे लिलाव करून सरकार आबकारीचा महसूल गोळा करत होते. देवाला चालते, जातीला चालते, सरकारलाही चालते, अशी वस्तू नाकारण्याचे बळ एकट्या गरिबाने आणायचे कुठून?

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. अंगमेहनतीला वाघ होता. शाळा मात्र नशिबी नव्हती. मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकला आणि हातची जमीन गेली. दोघांनाही कागद वाचता येत नव्हता. दारूने बाप नेला आणि कर्जाने मामाची जमीन नेली. पुढे आयुष्यभर बाबांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज या दोन गोष्टी जोडीनेच येत राहिल्या, यात मला नवल वाटत नाही.

मी बँकेत नोकरी केली. त्यातली काही वर्षे वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी गेली. वसुलीला निघालो की ही जोडी मला दारोदार भेटायची. खातेवही उघडली तर त्यात दारूचा शब्दही नसतो. तिथे बैलजोडी असते, विहीर असते, पीककर्ज असते. दारू दिसायची ती दारात उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर. घरधनी कुठे आहेत, हे विचारण्याची गरज पडत नसे. सोनेतारण करायला येणाऱ्या बायका मंगळसूत्राची वाटी काउंटरवर ठेवताना वर पाहत नसत.

डेबूजीचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली, तिचे बारसे आले. रिवाजाप्रमाणे भावकी जमली. मटण शिजणार, दारू येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. डेबूजीने त्या दिवशी पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. दारू नाही, मटण नाही. आज वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते. पण त्या पंगतीत बसलेल्यांना हा जातीचा अपमान वाटण्याजोगा होता आणि वाळीत पडण्याची भीती खरी होती. बाबांच्या आयुष्यातले पहिले कीर्तन मी याला म्हणतो. त्यात टाळ नव्हते की मृदंग नव्हता, फक्त पंगतीत काय वाढायचे याचा निर्णय होता.

या प्रसंगातले मर्म असे की डेबूजी पिणाऱ्या माणसाच्या मागे काठी घेऊन धावला नाही. पिण्याचे निमित्तच त्याने काढून घेतले आणि तेही दुसऱ्याच्या घरी उपदेश करून नव्हे, तर स्वतःच्या दारात, स्वतःच्या खर्चाने. शिवाय पाहुण्यांना उपाशी पाठवले नाही. जुने ताट उचलले, तर त्या जागी दुसरे भरलेले ताट ठेवले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. गावात शिरायचे ते खराटा घेऊन, दिवसभर गटारे उपसायची, रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. दिवसा ज्याने आपल्या दारातली घाण काढली, त्याचे बोलणे रात्री ऐकावेच लागे. कीर्तनाची रीतही वेगळी होती. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. देवाला बोकड कापू नये, दारू पिऊ नये, कर्ज काढून सण करू नये, मुलांना शाळेत घालावे, हे सारे शेकडो माणसांसमोर लोकांच्याच तोंडून वदवले जाई. एकट्या माणसाला नकार देणे जड जाते, पण सगळ्या गावाने मिळून तो उच्चारला की हलका होतो. बाबा गावाकडून हेच करून घेत.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन या गावी यात्रेकरू चिखलातून जात. तिथे लोकवर्गणीतून आणि स्वतःच्या अंगमेहनतीने त्यांनी घाट उभा केला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे नाव थांबवतेच. पुढे नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी होती.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. बापाने दारूपायी घर वाऱ्यावर सोडले, मुलाने लोकांपायी सोडले. सखुबाईने एकदा नवरा गमावला, मग मुलगा. कुंताबाईंच्या वाट्याला तर लेकरे आणि कष्ट एवढेच आले. लाखोंच्या वर्गण्यांतून संस्था उभ्या राहिल्या, पण त्या पैशाला बाबांनी घरच्यांचा हात लागू दिला नाही. या निःस्पृहतेला आपण नमस्कार करतो. पण तिची किंमत दोन बायकांनी चुकवली, हेही चरित्र वाचताना विसरू नये. व्यसनाच्या गोष्टीत घरच्या बाईचा हिशोब नेहमीच शेवटच्या पानावर येतो.

आज आपल्याला बाबांच्या काळापेक्षा अधिक माहिती आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली तर हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतते. त्यासाठी डॉक्टर लागतो, नुसती शपथ पुरत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केले आणि व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून बघण्याची दृष्टी मराठी घरांत आणली. घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतले. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली. हे सगळे बाबांच्या नंतरचे.

पण एक जागा अशी आहे, जिथे मला अजूनही बाबाच आठवतात. माझ्या शाखेतला एक खातेदार व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. सहा महिने हप्ते वेळेवर आले. पासबुक भरून घ्यायला तो स्वतः यायचा, दाढी केलेली, कपडे धुतलेले. मग पुतण्याचे लग्न निघाले. एक घोट घेतल्याने काय होते, असा आग्रह करणारे सगळे सख्खेच होते. त्यानंतर हप्ते थांबले. केंद्राने आपले काम चोख केले होते. तो परत आला ते गाव मात्र होते तसेच होते. केंद्रातून सुटलेल्या माणसाची खरी परीक्षा पुढच्या लग्नात, पुढच्या बारशात आणि निवडणुकीच्या पुढच्या जेवणावळीत असते. आपल्या भाषेत तर आता नुसते बसायचे का म्हटले तरी कशासाठी ते सांगावे लागत नाही.

बाबांच्या नावाने जी दशसूत्री सांगतात तीत अन्न, वस्त्र, आसरा, औषध, रोजगार अशा गोष्टी येतात आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणे हेही एक काम म्हणून येते. व्यसनातून उठू पाहणाऱ्याला याच गोष्टी लागतात: औषध, काम, राहायला जागा आणि पाठीवर हात. यातले काहीही एकट्याला मिळवता येत नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ध्वनिमुद्रणामुळे तो आवाज आजही ऐकता येतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. ऐंशी वर्षांचे आयुष्य. झिंगराजीचा मुलगा झिंगराजीच्या वाटेने गेला नाही, एवढेच त्याने केले असते तरी सखुबाई कृतार्थ झाली असती.

येत्या लग्नसराईत तुमच्या-माझ्या घरी एखादी पंगत बसेल. तिच्यात कोणी तरी नुकताच सावरलेला असेल, त्याची बायको दुरून त्याच्याकडे बघत असेल. त्या रात्री काय वाढायचे, हे यजमानाच्या हातात असते. डेबूजीच्याही हातात तेवढेच होते.